मोजलेली जाकिटे आणि तारणारी जाकिटे

मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पाठोपाठ नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची होडी उलटून एकाचा बळी गेला. अशा प्रत्येक अपघातानंतर जीवरक्षक जाकिटांची मोजदाद होते. उतारू तितकी जाकिटे भरली की मालक सुटला आणि तपासनीसही! परंतु ती माणसाला तारण्याजोगी आहेत काय, हे कोण पाहतो?

पन्नास न्यूटन तरणशक्तीचे जाकीट हा पोहणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाचा केवळ आधार होय. पोहता न येणाऱ्या पाहुण्याला शांत खाडीतही किमान शंभराचे हवे आणि खुल्या समुद्रात दीडशेचे. मुलाला मोठ्यांचे जाकीट चढविणे ही तर निव्वळ फसवणूक. पाण्यात पडताच ते डोक्यावरून निसटते.

निगेची तऱ्हा याहून वाईट. दिवसभर उन्हात पडलेली, सायंकाळी ओलीच एकावर एक रचलेली, प्रसंगी बसावयास उशी झालेली जाकिटे आपल्या किनाऱ्यावर कोणीही पाहावीत. उन्हाने कापड आणि टाके विरतात, दाबाने आतला फोम चेपून तरणशक्ती घटते. गोड्या पाण्याची धुणावळ, सावलीतले वाळवण आणि टांगावयास एक दोरी, एवढाच काय तो खर्च!

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. बंदर कप्तान खात्याने त्याच दिवसांत प्रत्येक ढिगातली चार जाकिटे माणसांच्या अंगावर चढवून पाण्यात पारखावीत. जी नापास होतील ती तेथेच फाडून टाकावीत; नाहीतर ती पुढच्या हंगामात दुसऱ्याच होडीवर मोजली जातील.