न आखलेल्या रेषेचे बंदी

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मासेमारीचा हंगाम सुरू होतो आणि डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांतील तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळची वाट धरतात. परक्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबायचे आणि त्या मिळकतीवर घर चालवायचे, हा तेथील अनेक कुटुंबांचा क्रम आहे. नौका दुसऱ्याची, दिशा ठरविणारा तांडेल. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने नौका पकडली की तुरुंग मात्र खलाशाच्याही वाट्याला येतो.

ही सीमा ओलांडली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती आहे कोठे? श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया, थायलंड, म्यानमार यांच्याशी भारताने सागरी सीमा करारांनी निश्चित केल्या. बांगलादेशाशी ती 2014 च्या लवादाच्या निवाड्याने ठरली. पाकिस्तानशी मात्र अशी सर्वमान्य रेषा आजही नाही. तिचे मूळ कच्छमधील सुमारे 96 किलोमीटर लांबीच्या सर क्रीक खाडीत आहे. 1914 मध्ये मुंबई सरकारने कच्छ आणि सिंध यांच्यातील तंट्यावर ठराव केला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता; डहाणूही त्याच इलाख्यात. त्या ठरावाच्या आधारे पाकिस्तान पूर्व काठापर्यंत हक्क सांगतो; भारत त्यानंतर रोवलेल्या खांबांचा दाखला देऊन खाडीच्या मध्यप्रवाहाला सीमा मानतो. 1968 च्या कच्छ निवाड्यातही ही खाडी सुटलीच. खाडीचे मुख कोणाचे हे ठरत नाही, तोवर समुद्रातील रेषा कोठून काढावी यावरही एकमत होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचे 73 वे कलम सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीविषयक गुन्ह्यासाठी, परस्परांत तसा करार नसेल तर, कारावास देता येत नाही. दोन्ही देशांनी हा कायदा स्वीकारला आहे. तरीही 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारी व 1 जुलै रोजी दोन्ही देश कैद्यांच्या याद्यांची देवघेव करतात आणि दोन्ही याद्यांत मच्छीमार असतातच. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ओख्याजवळ झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एक खलाशी मारला गेला. 2024 मध्ये डहाणू तालुक्यातील एका खलाशाने कराचीच्या तुरुंगात प्राण सोडले. त्याचे पार्थिव गावी यायला कित्येक आठवडे लागले.

सर क्रीकवरील भारताचा दावा रास्त आहे; तो सोडण्याचे कारण नाही. परंतु दाव्यावर ठाम राहणे आणि आपल्या माणसाची काळजी घेणे यांत विरोध नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यासाठी दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौकाच पळविली होती आणि तिच्यावरील खलाशांना ठार केले होते. कोणत्या नौकेवर कोण आहे, याची अचूक नोंद हा म्हणूनच सुरक्षेचाही प्रश्न आहे. पाड्यावरून निघणाऱ्या प्रत्येक खलाशाचे नाव ग्रामपंचायतीत नोंदले जावे, ते महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही शासनांकडे असावे, मालकाने विम्याविना त्याला समुद्रात नेऊ नये आणि नौकेवरील दिशादर्शक यंत्र चालू असल्याची खात्री बंदरातच व्हावी.

कारगिलच्या शिखरांची नावे मध्यमवर्गीय घरांतील मुलांना पाठ असतात, ते योग्यच. त्याच घरांत तलासरीच्या पाड्याचाही उल्लेख व्हायला हवा. पश्चिमेच्या सागरी सीमेची किंमत हंगामामागून हंगाम तेथील घरे मोजत आहेत आणि ती मोजताना त्यांच्या दारी विचारपूस करणारेही फारसे कोणी नसते.