‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यामागे

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुरगूडसारख्या गावातील चौक अभिनंदनाच्या फलकांनी भरून जातात. ज्याचे छायाचित्र त्या फलकावर नसते असा एखादा मुलगा भरल्या ताटावरून उठतो, आठ-आठ दिवस घरात बोलत नाही आणि बोललाच तर धाकट्या बहिणीवर ओरडतो. वडील म्हणतात, माजला आहे. आजी म्हणते, दृष्ट लागली. हा आजार असू शकेल, ही शंका बहुधा कोणालाच येत नाही. या वयातील नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातूनच अनेकदा व्यक्त होते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. घराला ते ठाऊक नसते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या सुमारे 7.3 टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण ग्रामीण भागाच्या जवळजवळ दुप्पट होते. तरीही ग्रामीण आकडा 6.9 टक्के आहे. म्हणजे खेड्यातील चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातील 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्याच अहवालात सर्व वयांच्या आत्महत्यांपैकी 31.7 टक्के ‘कौटुंबिक समस्या’ या एका रकान्यात टाकलेल्या आहेत. पोलिसाने हे दोन शब्द लिहिले की तपास मिटतो. वास्तविक तो तेथून सुरू व्हावयास हवा.

वेदगंगेच्या काठच्या घरात या दोन शब्दांचा अर्थ काय? ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. तोड वेळेवर मिळेल की नाही, बिल एकरकमी येईल की हप्त्यांनी, सोसायटीचे कर्ज फिटून हातात काय उरेल, या विवंचनेत घरातील कर्ता पुरुष वर्ष काढतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी या खोऱ्यातील पुष्कळ शिवारे पाण्याखाली घालविली. ही विवंचना संध्याकाळी कधी अबोला होऊन, कधी दारू होऊन, कधी बायकोवर उगारलेला हात होऊन घरात शिरते. आणि मग कुटुंबाची सारी आशा एका मुलाच्या गुणपत्रिकेवर ठेवली जाते. कोल्हापूरच्या शिकवणीवर्गाची फी भरण्यासाठी काढलेले कर्ज त्याला रोज ऐकविले जाते. अपयश त्याचे एकट्याचे राहत नाही. ते घर बुडविल्याचा गुन्हा ठरते.

मुलीची स्थिती अधिक बिकट. मुलगा निदान आदळआपट करतो म्हणून दिसतो. मुलगी धुणी-भांडी उरकीत राहते, मान खाली घालून शाळेला जाते. तिचे मौन हा तिचा सद्गुण समजला जातो, आणि तो पुढे सोयरिकीत उपयोगीही पडतो!

याच शिवाराच्या बांधावर हंगामात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांची खोपटी उभी राहतात. त्यांतील मुलांना दोनच वाटा असतात: शाळा सोडून आईबापांबरोबर यावे, किंवा पाच-सहा महिने गावाकडे आजीजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहावे. कुटुंब असूनही नसणे हाच त्यांचा कौटुंबिक प्रश्न आहे.

अर्थव्यवस्था बदलली की घर आपोआप बदलेल, असे उत्तर डाव्या मंडळींनी वर्षानुवर्षे दिले. ते अर्धेच खरे आहे. चौकात लोकशाहीवर घसा कोरडा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीही मुलाला उलट प्रश्न विचारण्याची मुभा अनेकदा नसते. त्या घरातील सत्ता उसाच्या दराने निर्माण केलेली नाही, आणि दर वाढल्याने ती जाणारही नाही.

उपायांची चर्चा होते तेव्हा सारे लक्ष मुलाच्या समुपदेशनावर जाते. घराकडे मात्र कोणी वळत नाही. अमेरिकेत मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, नैराश्यग्रस्त आई उपचारांनी तीन महिन्यांत बरी झाली, तर तिच्या मुलांतील विकारांचे प्रमाणही घटले. आई बरी झाली नाही तेथे ते वाढले. पहाटेपासून राबणाऱ्या, मारही खाणाऱ्या आईचे औषधपाणी हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. त्यासाठी मोठी इस्पितळेच लागतात असेही नाही. गोव्यात ‘मानस’ या प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रौढांच्या नैराश्यावर परिणामकारक मदत केली. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम 2014 पासून आणि ‘टेलिमानस’ची 14416 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा 2022 पासून आहे. परंतु ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांच्या खिशात आहे, तेथील मुलीने तो क्रमांक फिरवायचा कसा? म्हणून माणूस दारापर्यंत पोहोचला पाहिजे. आशा सेविकांना यासाठी प्रशिक्षण द्यावे, मात्र त्यांच्या तुटपुंज्या मानधनावर आणखी एक काम फुकट लादून नव्हे. मुरगूडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी मानसोपचाराची नियमित सोय असावी, आणि तो दिवस शाळांच्या व ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांच्याही माहितीचा असावा. गळीत हंगामापूर्वी उसाच्या दरासाठी जी निवेदने तहसील कचेरीत जातात, त्यांत यंदा ही मागणीही घालता येईल. सह्या घ्यावयास घरोघर जावेच लागते. त्या वेळी ओसरीवर बसणाऱ्या बाप्यांच्या सह्यांवर न थांबता स्वयंपाकघरातील बाईची आणि अभ्यासाला बसलेल्या मुलीचीही सही मागावी.