नाव-गाव सांगणारा फुगा

अमेरिकेच्या एफ-२२ विमानाने ११ फेब्रुवारी २०२३ रोजी कॅनडातल्या युकॉनवर एक ‘अज्ञात वस्तू’ क्षेपणास्त्र डागून पाडली. त्या एका साइडवाइंडर क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरच्या वर. अवशेष बर्फात सापडले नाहीत आणि आठवडाभरात शोधही गुंडाळला गेला. पाच दिवसांनी खुद्द तत्कालीन अध्यक्ष बायडन यांनीच सांगितले की ती वस्तू बहुधा खासगी कंपनीचा, हौसेचा किंवा संशोधनाचा फुगा असावी. इकडे इलिनॉयमधल्या हौशी मंडळींनी आपला फुगा बेपत्ता झाल्याची नोंद केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडलेला हा फुगा पृथ्वीच्या सातव्या प्रदक्षिणेवर होता. त्याचा शेवटचा संदेश युकॉनच्या घटनेच्या आदल्या दिवशी अलास्काच्या किनाऱ्याजवळून आला होता. तोच पाडला गेला हे सिद्ध झालेले नाही, आणि अवशेषच नसल्याने होईलसे वाटतही नाही. असे फुगे १२ ते १८० डॉलरला मिळतात.

इलिनॉयच्या फुग्याला लटकवलेला सगळा संसार १६.४ ग्रॅमचा: जीपीएस, चिमुकला ट्रान्समीटर आणि सौरपट्टी. या जातीचे फुगे साधारण दहा-वीस मिलिवॉटवर बोलतात. खिशातला मोबाइलसुद्धा गरज पडली की २०० मिलिवॉटपर्यंत जातो. एवढ्याशा शक्तीचा संदेश हजारो किलोमीटरवर ऐकू येतो, ही करामत प्रिन्स्टनच्या जोसेफ टेलर यांची. जोडताऱ्यातल्या पल्सरच्या शोधासाठी त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले. अवकाशातून येणारे क्षीण ठोके गोंगाटातून वेचण्यात मुरलेल्या या माणसाने २००८ मध्ये हौशी रेडिओवाल्यांना ‘व्हिस्पर’ ही पद्धत दिली.

तिच्यात पाल्हाळाला जागाच नाही. केंद्राचे नाव, नकाशावरचा चौकोन आणि प्रक्षेपणाची शक्ती, नेहमीच्या एका संदेशात एवढाच मजकूर. सारा मिळून ५० बिट. तो सांगायला मात्र जवळजवळ दोन मिनिटे घ्यायची. दोन्हीकडची घड्याळे जुळलेली हवीत, कारण सम मिनिट लागल्यावर एका सेकंदाने संदेश सुरू होतो. संदेशाने व्यापलेली पट्टी जेमतेम ६ हर्ट्झची. माणसाच्या बोलण्याला लागते तेवढ्या रुंदीत मोजलेला गोंगाट संदेशाच्या सहाशेपट असला, तरी ऐकणारा संगणक नाव बिनचूक उकलतो. मग जगभरची हौशी केंद्रे ती नोंद लगोलग इंटरनेटवर टाकतात. कोणीही पाहावी, गुप्त काही नाही.

म्हणजे जो फुगा आपले नाव आणि ठावठिकाणा जगाला सांगत होता, तोच कदाचित ‘अज्ञात’ ठरला. असे व्हायला कारणही घडले होते. ४ फेब्रुवारीला अमेरिकेवर आलेला एक चिनी फुगा पाडल्यानंतर लष्कराने रडारची गाळणी सैल केली, लहान आणि संथ वस्तूही दिसाव्यात म्हणून. त्या दिसू लागल्या. कोणाच्या, ते कळेना. हौशी माणूस ६ हर्ट्झची बारीक गाळणी लावून नेमके नाव ऐकतो, आणि ज्याच्याकडे अवाढव्य यंत्रणा आहे त्याला नुसता ठिपका दिसतो! शक्ती कमी पडली म्हणून हे झाले, असे कोणी म्हणू नये. शेजारच्या खोलीतल्या नोंदवहीत डोकावायचे कोणाला सुचले नाही, एवढेच.

त्यानंतरचे शहाणपण पाहा. २०२४ च्या अमेरिकी विमानवाहतूक कायद्याने एक समिती नेमायला सांगितली. दहा हजार फूट किंवा त्याहून उंचावरून जाणाऱ्या फुग्यांनी आपली ओळख, ठिकाण आणि उंची सतत प्रक्षेपित करावी, त्याचे निकष तिने सुचवायचे. इलिनॉयच्या फुग्याने या तिन्ही गोष्टी कळवल्या होत्या. शेवटची उंची ३८,९१० फूट. वैमानिकाला क्षणाक्षणाची माहिती लागते, थांबून थांबून येणारी आणि सूर्य मावळला की बंद पडणारी नोंद त्याच्या कामाची नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण विमानातला ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर आणि त्याची बॅटरी या फुग्याच्या गळ्यात बांधली, तर तो अंगणातूनही उठायचा नाही. त्यापेक्षा हवाई नियंत्रण कक्षातल्या एका पडद्यावर ही खुली नोंद आणून ठेवावी. निदान क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वी कोणी त्यावर नजर तरी टाकेल. त्याला नवा कायदा लागत नाही, इंटरनेटची जोडणी पुरते.