पाटी लिहिणाऱ्याचा व्यवहारही लेखी हवा

किनवटच्या पाटीवाल्याला तीन लिप्यांशी गाठ पडते. 1956 पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूचे गिऱ्हाईक येथे नवे नाही.

पूर्वी आम्ही पत्र्यावर रेघा आखून ब्रशने नाव लिहीत असू. चुकले तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवून पुसता येई. आता अक्षरे ॲक्रेलिक किंवा स्टीलमध्ये कापतात, ग्रॅनाइटवर कोरतात. एक वेलांटी चुकली की माल वाया. उर्दू मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर कधी अक्षरे सुटी होतात. कब्रीच्या कत्ब्यावर अशी चूक राहिली, तर त्या घरच्यांना काय तोंड दाखवायचे?

2022 च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. सोबत उर्दू लिहिण्यास मनाई नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या पाटीवरील उर्दू सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये कायम ठेवली. म्हणजे काम आहे, पण जोखीमही आहे.

आणि आपला व्यवहार कसा? "करून टाका भाई, पैशाचे बघू." आमच्याकडे एकाने फोनवर नाव सांगितले. आम्ही स्टीलमध्ये अक्षरे कापली. नेताना तो म्हणाला, उकार दीर्घ हवा होता. निम्मेच पैसे हाती आले. आम्ही चिडलो खरे, पण दाखवायला आमच्याकडे कागद कुठे होता?

सूरह बकराच्या 282व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. गावाची नावे लिहिणारे आपण, आपलाच सौदा तोंडी ठेवतो!

आमची सूचना साधी आहे. नाव गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. छापील नमुन्यावर त्याची सही घ्यावी. उर्दू-तेलुगू मजकूर जाणकाराला वाचून दाखवावा. मापे, माल, भाव, तारीख आणि बाकी वहीत मांडावी. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

ओळखीच्या माणसाकडून सही कशी मागावी, असे काही बांधव म्हणतील. आमचा अनुभव असा की, भांडणे ओळखीतच होतात. सही घेतली तर माल वाचतो आणि सलामदुवाही टिकते.