पगार दिसतो, शिल्लक दिसत नाही : पुण्याची नोकरी आणि आपला हिशेब

पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या पोरांपुढे दरवर्षी निकाल लागला की एकच प्रश्न उभा राहतो. इथे दुकानात, पतसंस्थेत नाहीतर खासगी शाळेत दहा-बारा हजारांची नोकरी मिळते. चाकण, रांजणगाव किंवा हिंजवडीला गेले तर अठरा-वीस हजार मिळतात. घरचे म्हणतात, सात-आठ हजार जास्त मिळतात, मग विचार कसला करतोस? चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, बाबासाहेबांनीच खेडे सोडायला सांगितले आहे. आणि पुण्याला जाऊन परत आलेला मित्र म्हणतो, काही उरत नाही रे. या तिघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. अर्ध्या खऱ्यावर आयुष्याचा निर्णय घेता येत नाही, म्हणून हा हिशेब नीट मांडू या.

आधी पैशाचे पाहू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा पाथर्डीत हातात ११,००० पडतात. घरात खाण्यापिण्याचा वाटा ३,०००, जाणे-येणे १,५००, वरखर्च १,०००. उरले ५,५००. पुण्यात हातात १८,००० पडतात. चौघांत घेतलेल्या खोलीचा वाटा ३,०००, मेस ४,०००, बस-पेट्रोल आणि मोबाइल २,०००, कपडे, आजारपण आणि सणाला गावी येणे-जाणे १,५००. उरले ७,५००. म्हणजे पगारातला फरक ७,००० चा आणि शिल्लकीतला फरक फक्त २,००० चा. त्यात डिपॉझिटचा वाटा, गादी, भांडी मिळून सुरुवातीलाच १०,००० गेले, तर पहिल्या पाच महिन्यांची जास्तीची शिल्लक तिथेच संपली. लग्न झालेले असेल आणि बायको-मुले बरोबर न्यायची असतील, तर स्वतंत्र खोलीचे भाडे देताच हा फरक उणे होतो. परत आलेला मित्र खोटे बोलत नाही.

शहर महाग असते हे सरकारला माहीत नाही असे समजू नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या दर्जाप्रमाणे ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के होता, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर ३०, २० आणि १० टक्के झाला. पुणे पहिल्या वर्गात आहे, पाथर्डी शेवटच्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतही हेच तत्त्व होते. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये ठरले. त्या ६०,००० मधले निवासाचे फक्त २०,०००, म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. पण निदान तत्त्व तरी मान्य झाले. मात्र हाच विद्यार्थी पदवी घेऊन कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला लागला की त्याच्यासाठी शहर महाग राहत नाही! किमान वेतनाची परिमंडळे आहेत, पण लगतच्या दोन परिमंडळांतला फरक काही शे रुपयांचा. त्यात पुण्याचे भाडे बसत नाही. कायम नोकरीतल्या साहेबाला घरभाडे आणि कंत्राटी पोराला फक्त ओव्हरटाइम, हा भेद आपण कधी मोर्चात मांडला का?

आता जातीकडे येऊ. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाण्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच इतिहासात आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. पद होते, पगार होता, महाराजांचा शब्द होता. नव्हते ते घर. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही. बागेत बसून वेळ काढला आणि गाडी धरून मुंबईला परतावे लागले. ही घटना आपण दरवर्षी १४ एप्रिलच्या भाषणात ऐकतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. तिच्यातला व्यवहाराचा धडा मात्र घेत नाही. छप्पर नसेल तर नोकरी टिकत नाही, आणि या देशात छप्पर जातीला विचारून मिळते.

शंभर वर्षांनी पद्धत बदलली आहे. आता कोणी लाठी घेऊन येत नाही. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग व्हेज की नॉनव्हेज, आणि शेवटी सांगतो, खोली कालच गेली. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार, जास्त भाडे आणि जाचक अटी यांना कसे तोंड द्यावे लागते, हे त्यात आले आहे. भाडेकरूला जातीवरून नाकारणाऱ्या खासगी मालकाला रोखणारा स्वतंत्र भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. याचा परिणाम थेट खिशावर होतो. कामाजवळची खोली मिळत नाही, लांबच्या वस्तीत राहावे लागते, प्रवासाचे पैसे आणि दोन-तीन तास रोज जातात. तेच काम, तोच पगार, पण आपल्या पोराला शहर इतरांपेक्षा महाग पडते. महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात हा जातीचा कर दिसणार नाही.

मग गावातच राहावे का? "घरचे खायला मिळते, भाडे नाही" असे म्हणणाऱ्यांना एक विचारायचे आहे. गाव स्वस्त आहे ते कोणासाठी? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना उघडे पाडले ते उगाच नाही. आपल्याच जिल्ह्यात जानेवारी २०१३ मध्ये सोनई घडले, एप्रिल २०१४ मध्ये खर्डा घडले. खर्ड्याचा मुलगा तर शाळेत शिकत होता. वाढदिवसाचा डीजे, मोबाइलची रिंगटोन, मिशी, गाडीवरचा निळा झेंडा, यांची किंमत गावात केव्हा आणि कशी वसूल होईल ते सांगता येत नाही. ती किंमत ११,००० च्या हिशेबात कोणी धरत नाही. बापाने ज्याच्या शेतात मजुरी केली, त्याच्याच पतसंस्थेत मान खाली घालून बसायचे, याचीही किंमत असते.

शहराने आपल्याला काय दिले तेही विसरून चालणार नाही. सुभेदार रामजी मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईला आले, परळच्या चाळीत एका खोलीत संसार आणि अभ्यास चालला, म्हणून एल्फिन्स्टन हायस्कूल दिसले. पण शहर आपोआप मुक्ती देते असेही नाही. त्याच मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. शहराने दार किलकिले केले, ते उघडले मात्र संघटित होऊन भांडलेल्या लोकांनी.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. जा, पण एकट्याने जाऊ नका, आणि पगार बघून जाऊ नका. दोन वर्षांनी हातात काय असेल ते बघून जा. एखादे कौशल्य, संध्याकाळचा कोर्स, परीक्षेची तयारी, कायम होण्याची शक्यता यांपैकी काहीच नसेल आणि शिल्लकही उणे असेल, तर ती नोकरी नाकारण्यात कमीपणा नाही. ऊसतोडीला जाणारी आपल्या तालुक्यातली माणसे उचल घेऊन जातात आणि फेडता फेडता हंगाम संपतो. डिपॉझिटसाठी कर्ज काढून कंत्राटी कामावर जाणे ही उचलीचीच शहरी आवृत्ती आहे.

जाण्याआधी काही गोष्टी पक्क्या करा. नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, पीएफ आणि ईएसआय कापतात का, ते लेखी घ्या. कामावर हजर होण्याआधी खोली बघा. रेशनकार्डातले नाव कापू नका, पुण्याच्या दुकानातही धान्य घेता येते. जात पडताळणीची कागदपत्रे गावात असतानाच गोळा करा. आणि ज्यांच्या घरी गायरान कसले जाते त्यांनी विशेष ध्यान द्या. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून या जमिनींसाठी माणसे तुरुंगात गेली आहेत. सगळे घर शहरात गेले आणि जमीन पडीक राहिली, तर गाव ती गिळायला टपलेलेच आहे. तरुण जाईल, पण पेरणी आणि पंचनाम्याचे कागद बंद पडता कामा नयेत.

मुलींच्या बाबतीत हिशेब वेगळा लावू नका. मुलाला "जा, बघू काय होते ते" आणि मुलीला "लांब आहे, नको" हे रमाई-सावित्रीचे नाव घेणाऱ्या घरात शोभत नाही. तिच्यासाठी सुरक्षित खोली शोधणे हे कुटुंबाचे आणि संघटनेचे काम आहे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना आहे, तिची चौकशी करा.

आता चळवळीचे काम. पुण्यात आपले अधिकारी, प्राध्यापक, बँक कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. जयंतीच्या मंडपावर एका रात्रीत होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक तालुक्याचा डिपॉझिट निधी उभा करता येईल. नवा मुलगा आला की त्यातून डिपॉझिट भरायचे आणि त्याने वर्षभरात हप्त्याने परत करायचे. आठ-दहा जणांनी मिळून घर घ्यायचे, ज्याची नोकरी कायम आहे त्याच्या नावावर करारनामा करायचा. ज्या विहाराला जागा आहे त्याने पहिले दोन महिने राहण्याची सोय करावी. आणि शासनाकडे मागणी करायची : पहिल्या नोकरीच्या वर्षात स्वाधारसारखा निवास भत्ता द्या, शहराच्या भाड्याप्रमाणे कंत्राटी कामगाराला घरभाडे बंधनकारक करा.

तरुण गेले तर गावातली चळवळ ओस पडेल, असा आक्षेप येईल. रिकाम्या हाताने गावात बसलेल्या तरुणावर चळवळ चालत नाही, त्याच्यावर फक्त पुढाऱ्यांचे बॅनर चालतात. शहरात पाय रोवलेला तरुण गावातल्या खटल्याला वकील देऊ शकतो, धाकट्या बहिणीची फी भरू शकतो, ग्रामसभेच्या दिवशी गाडी करून येऊ शकतो. ते जमण्यासाठी त्याच्या हातात महिनाअखेरीस काहीतरी उरले पाहिजे. ते उरेल अशी व्यवस्था करणे ही त्या एकट्याची जबाबदारी नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

जय भीम!