मोहफुलांची वाटी

गेल्या चैत्रात मांगी-तुंगीची वंदना आटोपून आम्ही उभयता जालन्यास परतत होतो. बागलाणच्या त्या डोंगरपट्ट्यात कोकणा आणि भिल्ल समाजाची वस्ती मोठी आहे, हे यात्रेकरूंच्या सहसा ध्यानात येत नाही. आपले सारे लक्ष भगवान ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीकडे असते. सूर्यास्ताला तास-दीड तास उरला होता आणि घरून नेलेला डबा संपला होता. रस्त्याकडेला महिला बचत गटाच्या लहानशा भोजनालयावर ‘आदिवासी जेवण’ अशी पाटी दिसली. गाडी थांबवायला सांगितले ते सौभाग्यवतींनीच.

आपल्या घरांत जे प्रश्न आधी विचारले जातात ते सर्व विचारून झाले. कांदा-लसूण? कंद? मांस याच चुलीवर शिजते का? भोजनालय चालवणाऱ्या ताईंनी काही लपविले नाही. “मांसाची चूल मागल्या अंगणात आहे, भांडीही वेगळी. कांदा-लसूण नको तर नाही घालणार. थोडा वेळ लागेल, बसा.”

पळसाच्या पत्रावळीवर नागलीची गरम भाकरी, उडदाचे वरण आणि खुरासणीची, म्हणजे आपल्या कारळ्याची, लसणाविना कुटलेली चटणी आली. ज्वारीवर वाढलेल्या जिभेला नागली पहिल्या घासाला कोरडी लागते. दुसऱ्या घासापासून तिचा मातकट गोडवा कळू लागतो. बियाणे घरचेच, राखेत घोळून मडक्यात ठेवलेले, असे ताई म्हणाल्या. आपल्या जालन्यात बियाणे म्हटले की कंपनीचे सीलबंद पाकीट डोळ्यांपुढे येते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी 2020 ची पद्मश्री मिळाली तेव्हा मी ती बातमी कात्रण काढून ठेवली होती; ते मडके मात्र प्रथमच पाहिले.

शेवटी ताईंनी एक लहान वाटी पुढे ठेवली. वाळवलेली मोहफुले उकडून, भाजलेल्या तिळात घोळवलेली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. आपल्या घरांत मोह म्हणजे दारू.

ही वाटी माझ्यापुढे पूर्वीही एकदा आली होती. 1986 साली मी अक्राणी भागात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, बँकेच्या शाखेत होतो. ग्रामविकास योजनेतून दिलेल्या बैलांची पाहणी करण्यासाठी एका पाड्यावर गेलो असता वृद्ध यजमानाने पानाच्या द्रोणात हीच फुले दिली. “आमच्यात चालत नाही,” एवढेच बोलून मी द्रोण परत सारला. पाणीही घेतले नाही. “साहेब, फूल आहे, दारू नाही,” तो म्हणाला. मी उत्तर दिले नाही. त्याच सायंकाळी बाजारपेठेत ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चहा घेतला. त्याच्या वखारीत त्याच फुलांची पोती छतापर्यंत रचलेली होती. चैत्रात पडत्या भावाने घेतलेली फुले पावसाळ्यात त्याच पाड्यांना चढ्या भावाने विकली जात. त्या चहाला मला काही अडचण वाटली नव्हती.

मोहाचे फूल तोडत नाहीत. रात्री उमललेले फूल पहाटे आपोआप गळून पडते आणि बायका-मुले उजाडण्यापूर्वी ते जमिनीवरून वेचतात. ताई हे सांगत असता मला पाठशाळेतील लेश्यांचा दृष्टान्त आठवला. जांभळाच्या झाडापाशी आलेले सहा भुकेले पुरुष. पहिला झाड मुळापासून तोडू म्हणतो, सहावा म्हणतो, खाली पडलेली फळेच पुरेशी आहेत. ही चित्रे आपण स्थानकांत, मंदिरांत लावतो. तो सहावा पुरुष कोणत्या पाड्यावर राहत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. काही ठिकाणी वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात व त्यात असंख्य जीव जातात, हेही खरे. मी विचारले. “आम्ही झाडून घेतो,” ताई म्हणाल्या.

फूल न खाण्याचा सौभाग्यवतींचा नियम आहे. त्यांनी वाटी सारली नाही. ताईंना जवळ बसवून नियम समजावून सांगितला. ताईंना त्यात नवल वाटले नाही. “आमच्यातही नवे धान्य, नवी रानभाजी देवाला दाखवल्याबिगर तोंडात घालत नाहीत. नेम तो नेम.” मग दोघी बराच वेळ नागलीच्या पापडांबद्दल बोलत बसल्या. माझा तसा नियम नाही. मी वाटी संपवली. चव मनुकांच्या जवळची, पण तिला एक उग्र वास आहे. सर्वांना आवडेल असे म्हणणार नाही.

निघताना भाव विचारल्यावाचून कसे राहवेल! मे 2020 मध्ये केंद्र शासनाने सुक्या मोहफुलांचा आधारभूत दर किलोस 17 वरून 30 रुपये केला, हे मला ठाऊक होते. ताईंच्या पाव किलोच्या पुडीचा भाव त्याहून पुष्कळ अधिक होता, आणि तो त्यांनी स्वतः ठरवलेला होता. घासाघीस करण्याची आपली सवय जिभेच्या टोकाशी आली होती. सौभाग्यवतींनी पैसे आधीच काढून ठेवले होते.

घरी पुडी ओट्यावर ठेवताच सूनबाईंनी वास घेतला आणि दचकून विचारले, “बाबा, हे दारूचे ना?”

मी खुर्ची ओढून घेतली आणि 1986 सालापासून सांगायला सुरुवात केली.