दोरी टांगली, पुढे काय?

कारखान्यात सुधारणेचा नारळ फोडणे सोपे. पाच वर्षांनी ती जिवंत असते का, ते पाहावे. बँकेत असताना लघुउद्योगांची कर्जखाती माझ्याकडे होती. त्या निमित्ताने शेडमधून पुष्कळ हिंडलो. जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर जपानी शब्द. वर्षभराने जावे, तर पट्ट्यांवर भंगार!

दोष कामगारांच्या स्वभावाचा, असे मालक सांगत. मला ते पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ साली बंद केला. तिथले कामगार बेशिस्त म्हणून बदनाम होते. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, बहुतेक त्याच माणसांना घेऊन. आता दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवण्याची मुभा प्रत्येकाला होती. दोरी ओढली की गटप्रमुख धावत येई, तो खडसावायला नव्हे, मदतीला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीला आल्या. दोरी काय, कुणालाही टांगता येते. धावत येणारा गटप्रमुख मात्र रोज, वर्षानुवर्षे लागतो.

आणि लागते अभय. खुद्द टोयोटात १९५० साली कामगारकपात आणि मोठा संप झाला. अध्यक्ष किइचिरो तोयोदांनी पद सोडले. पुढच्याच वर्षी तिथे कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली. सूचना देणाऱ्याची भाकरी सुरक्षित असेल तरच अशी योजना टिकते. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात एका फिटरने चौघांचे काम दोघांत होईल अशी युक्ती सुचवली. महिनाअखेरीस त्यातल्या दोघांना घरी बसवले. त्यानंतर सूचनापेटीत तंबाखूच्या रिकाम्या पुड्या तेवढ्या सापडत.